"आता बोलायचं तरी कसं?" : पॉलिटिकल करेक्टनेसबद्दल मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कॉलेजातल्या व्याख्यानांनंतर, शिक्षकांच्या बैठकांत, सप्त्याच्या पंगतीत आणि बऱ्याचदा रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहेत. विचारणारे लातूर, बीड, नांदेड, परभणी, जालना असे सगळीकडचे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. कायद्याचा भाग सोडला तर उत्तरं माझी मतं आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

पॉलिटिकल करेक्टनेस म्हणजे नेमकं काय? सगळे म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो.

जात, धर्म, लिंग, रंग, शरीरातलं न्यून किंवा पोटाचा धंदा यांवरून माणसाला हिणवणारी भाषा वापरू नये, हा आग्रह. ज्यांना तो पटतो ते त्याला हे नाव सहसा देत नाहीत. नाव घेतात ते वैतागलेले लोक. अमेरिकेत १९७० च्या दशकात डाव्या चळवळीतली मंडळी आपल्यातल्याच अति कडव्या सोबत्यांची टिंगल करायला हे शब्द वापरत. पुढं ते उजव्यांच्या हाती लागले. मे १९९१ मध्ये थोरले जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष असताना मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात यावर बोलले, देशात मोकळ्या बोलण्यावर हल्ला होतोय असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडं हे प्रकरण टीव्हीवरून आणि रीलवरून पोचलं, त्यामुळं अर्थ जरा पातळ होऊनच पोचला.

तिकडं त्याची खरोखर सेन्सॉरशिप झाली होती का?

काही ठिकाणी, हो. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी 'अपमानकारक बोललात तर शिक्षा' अशा नियमावल्या केल्या. मिशिगन विद्यापीठाची नियमावली १९८९ मध्ये आणि विस्कॉन्सिनची १९९१ मध्ये न्यायालयानं रद्द केली. सरकारी विद्यापीठ बोलण्यासाठी शिक्षा करू लागलं की सरकारच तोंड बंद करतंय असा त्याचा अर्थ होतो. मला हे निकाल बरोबर वाटतात. पण विद्यार्थ्यांनी एकमेकांना टोकायचं नाही, असं काही न्यायालय म्हणालं नव्हतं. शिक्षेचा दंडुका तेवढा काढून घेतला होता. खालच्या सगळ्या उत्तरांत मी हाच फरक धरून चाललो आहे.

हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं खूळ आहे. आमच्याकडं पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, पोरांची लग्नं हे प्रश्न. इथं कुठं आलं हे?

इथं ते फार आधी आलंय, इंग्रजी नाव न घेता. कुणाला कोणत्या नावानं हाक मारायची आणि कशाला कुणाचं नाव द्यायचं, यावरून मराठवाडा जितका पेटला तितका महाराष्ट्रातला दुसरा कुठला भाग क्वचितच पेटला असेल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसं मारली गेली. १९७९ मध्ये नामांतरासाठी लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी, आणि तोही 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून. हे ज्यांनी पाहिलं त्यांना शब्दांवरून भांडणं हे रिकामटेकड्यांचं काम वाटत नाही.

अलीकडचं पाहा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यायची. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी आपल्या दलातल्या लोकांना छातीवरच्या पाटीवर फक्त नाव ठेवायला सांगितलं, आडनाव काढून. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतरचा तो काळ, मराठा आणि ओबीसी यांच्यात आधीच ताणलेलं. ठाण्यात तक्रार घेऊन आलेला माणूस साहेबाच्या तोंडाकडं बघण्याआधी पाटी वाचत होता, आणि साहेबही अर्जावरचं आडनाव आधी वाचत असेल असा त्याला संशय होता. आडनाव झाकल्यानं जात झाकली जात नाही हे बीडमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मला तो निर्णय आवडला.

पूर्वी माणसं मोकळेपणानं बोलायची. आता प्रत्येक शब्द तोलून बोलावा लागतो. हे खरं नाही का?

कोणती माणसं, हे आधी विचारलं पाहिजे.

निजामाच्या राज्यात साधी सभा घ्यायची तर परवानगी लागायची. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या 'मराठवाडा' पत्रावर संस्थानात बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजात वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना बाहेर काढलं. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या विरोधात लिहिलं म्हणून हैदराबादेत ठार मारलं. हे झालं राज्यकर्त्यांचं.

गावातलं बघायचं तर पारावर मोकळेपणानं बोलत होता तो पाटील, देशमुख, कुलकर्णी. त्याच पारापासून चार हात लांब उभा राहून 'जी मायबाप' म्हणणारा मोकळा नव्हता. घरात सासरा बसलेला असताना सून मोकळी नव्हती. तिला तर नवऱ्याचं नावही उखाण्यात घालूनच घ्यावं लागायचं. आज ज्यांना तोलून बोलावं लागतंय त्यांच्यातले बरेच जण असे आहेत, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ऐकणाऱ्यांचा विचार कधी केला नव्हता, कारण ऐकणाऱ्याला उलटून बोलायची सोयच नव्हती. आता त्याच्याकडंही फोन आहे, त्यालाही वकील माहीत आहे.

आणखी एक. छापील मराठीत कोणते शब्द चालतात हे ठरवणारी एक शिष्ट मंडळी कायम होती. मिलिंद महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली पोरं १९६० च्या दशकात लिहू लागली, गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं, तेव्हा या लेखनातली भाषा गावंढळ आहे, शिवराळ आहे, हे साहित्यच नव्हे, असं म्हणणारे कमी नव्हते. त्या वेळी भाषेचे नियम वरून खाली लागू होत होते, म्हणून त्याला कुणी दडपशाही म्हटलं नाही. नियमांची दिशा थोडी उलटी झाली तेव्हा हा शब्द आठवला.

आणि ते कॅन्सल कल्चर?

त्याला आपल्याकडं वाळीत टाकणं म्हणतात. किराणा बंद, दळण बंद, मयताला खांदा बंद. जातपंचायतींनी हे इतकं केलं की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून लागू झाला. फेसबुकवर चार लोकांनी नावं ठेवली आणि व्याख्यानाचं एक आमंत्रण गेलं, याला त्याच तागडीत टाकू नका. नोकरी गेली तर मात्र गोष्ट गंभीर आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं आहे.

मग म्हणी, भारुडं, सोंगं सगळं बंद करायचं का? 'आंधळं दळतं' म्हणायचं नाही, बहिऱ्याचं सोंग करायचं नाही. नाथ महाराजांवरच केस घालाल उद्या!

हा प्रश्न एका भारुडकऱ्यानं विचारला होता, म्हणून जरा सविस्तर.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली ती वाघ्या, मुरळी, जोशी, गोंधळी, महार, वेडी, बहिरा, मुका यांच्या तोंडून. आजच्या अति सावध माणसानं ही यादी नुसती वाचली तरी त्याला घाम फुटेल. पण भारुडात होतं काय? गावकुसाबाहेरचा माणूस 'जोहार मायबाप' म्हणत येतो आणि वेदान्त सांगून जातो. बहिरा असतो तो कानानं बहिरा नसतो, हरिकथा ऐकूनही न ऐकणारा असतो, म्हणजे समोर बसलेला तुमच्या-आमच्यासारखा. हसू फिरून श्रोत्यावरच येतं. ज्या पैठणात धर्मशास्त्र्यांचा दरारा होता तिथं नाथांनी हे केलं, आणि भागवत मराठीत आणलं म्हणून त्यांना काशीच्या पंडितांनी जाब विचारल्याची कथा वारकरी अजून सांगतात. भाषा कुणी कशी वापरावी यावरून छळ सोसलेल्या माणसाचं नाव घेऊन आपण 'आम्हाला वाटेल ते बोलू द्या' म्हणतो, हे जरा गमतीचं आहे.

बहिऱ्याचं सोंग घेऊन आलेला कलाकार पहिल्या रांगेतल्या खऱ्या बहिऱ्या माणसाकडं बोट करून टाळ्या मिळवू लागला की भारुड संपलं. हा फरक आता न्यायालयानंही ओळखलाय. जुलै २०२४ मध्ये, एका चित्रपटातल्या अपंगांच्या चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपंगत्वाला खाली पाडणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाचा अनुभव समजून केलेला विनोद वेगळा. चित्रपट मात्र रोखला नाही.

म्हणींचं म्हणाल तर 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं' ही म्हण कारभारावरची टीका आहे, ती मी वापरतो. जातीची नावं घालून केलेल्या काही म्हणी मात्र वापरत नाही, आणि त्या कोणत्या हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्या शाळेत शिकवू नयेत. म्हणींच्या कोशातून मात्र एकही काढू नये. आपले पूर्वज काय बोलत होते याचा पुरावा आपणच का नष्ट करायचा?

'अपंग'चं 'दिव्यांग' केलं, 'विधवा'चं 'गंगा भागीरथी' करत होते. शब्द बदलून कुणाचं पोट भरलं?

इथं तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय.

पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये 'दिव्यांग' सुचवला, पाठोपाठ कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण विभागही झाला. विभाग झाला हे चांगलंच. पण यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, तालुक्याच्या गावाहून जिल्हा रुग्णालयात दोन-तीन हेलपाटे मारणाऱ्या माणसाला विचारा, त्याला शब्द हवाय की रॅम्प. खुद्द अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांना हा शब्द नकोसा वाटतो; आमच्यात दैवी काही नाही, हक्क तेवढे द्या, असं ते म्हणतात.

२०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' असा शब्द सुचवला. टीकेची झोड उठली आणि प्रस्ताव तिथंच राहिला. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला होता, आणि शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं होतं. हेरवाडनं शब्दाला हातही लावला नव्हता, बाईच्या हातातल्या बांगड्या वाचवल्या. आमच्याकडं शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या बायकांत काम करणाऱ्या संघटना 'एकल महिला' म्हणतात. तो शब्द टिकला, कारण त्याच्यामागं सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायची, रेशनकार्ड वेगळं करायची मागणी होती.

ऊसतोडीचं तसंच. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. उद्या कुणी त्याला 'श्रमसाथी' असं गोड नाव दिलं तरी मुकादमाकडून घेतलेली उचल तीच राहील, पालावर अंधार तोच राहील. वरून आलेली गोड नावं मला शिवीपेक्षा जास्त खटकतात. शिवी निदान हेतू लपवत नाही.

अ‍ॅट्रॉसिटीच्या भीतीनं आम्ही तोंडच उघडत नाही. ही सेन्सॉरशिप नाही तर काय?

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा काय म्हणतो ते पाहा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांना दिसेल अशा ठिकाणी, अवमानित करण्याच्या हेतूनं हिणवणं किंवा जातीच्या नावानं शिवी देणं हा गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही कलमं ३(१)(आर) आणि ३(१)(एस) म्हणून ओळखली जातात. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेलं बोलणं यात बसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शाजन स्कारिया प्रकरणात सांगितलं की दलित व्यक्तीवर केलेली प्रत्येक टीका म्हणजे हा गुन्हा नव्हे. जातीवरून अवमान करायचा हेतू दिसला पाहिजे. अटकपूर्व जामीन मिळत नाही हे खरं, पण वरवर पाहता गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय तो देऊ शकतं.

म्हणजे सरपंच दलित असला तरी त्याच्या टक्केवारीवर ग्रामसभेत बोला, रस्त्याच्या बिलाची प्रत मागा, आरक्षणाच्या धोरणावर वाद घाला. यातलं काहीही हा कायदा अडवत नाही. खोट्या तक्रारी होतात का? होतात, जशा प्रत्येक कायद्याखाली होतात. पण गावात मी दुसरी बाजू जास्त पाहिली: केस मागं घे म्हणून रात्री घरी येणारी माणसं, आणि सकाळी शेतमजुरीला न बोलावणारे मालक. त्या तक्रारदाराच्या गप्प बसण्याला कुणी सेन्सॉरशिप म्हणत नाही.

मग तुमच्या मते खरी सेन्सॉरशिप कोणती?

जिच्यामागं पोलीस, परवाना, बंदी, कोर्टाची तारीख किंवा जमाव असतो ती.

लातूरचं उदाहरण घ्या. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधीजींवरची कविता छापली गेली. वाचणारे सभासद, म्हणजे बँकेतलेच लोक. पुण्यातल्या एका माणसानं तक्रार केली, आरोपपत्र लातूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं आलं. समाजात तेढ पसरवल्याचा आरोप तिथं टिकला नाही, अश्लीलतेचा राहिला. प्रकरण औरंगाबाद खंडपीठ करत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१५ मध्ये निकाल लागला. नियतकालिक काढणाऱ्यांनी आधीच माफी छापली होती म्हणून ते सुटले, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. एका कवितेसाठी एकवीस वर्षं! यात कुठलाही 'वोक', म्हणजे अति जागरूक म्हणून हिणवला जाणारा, विद्यार्थी नव्हता, कुणी शब्द जपून वापरा असं म्हणत नव्हतं. होती ती थोर पुरुषाबद्दलची भावना आणि दंडसंहिता.

नाटकाचं तर अजून विचित्र आहे. महाराष्ट्रात नाटक लोकांपुढं करायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून आणावी लागते. हा नियम मुंबई पोलीस कायद्यातून आलाय, म्हणजे रंगमंच हा पोलीस बंदोबस्ताचा विषय. ज्येष्ठ अभिनेते अमोल पालेकर यांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

आणि चित्रपट. २०२५ मध्ये फुले दांपत्यावरच्या हिंदी चित्रपटातले महार, मांग, पेशवाई असे उल्लेख काढायला किंवा बदलायला प्रमाणन मंडळानं सांगितलं. ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांमुळं प्रदर्शन दोन आठवडे पुढं गेलं. ज्या माणसानं जातीचं नाव घेऊन जातीवर हल्ला चढवला, त्याच्या चित्रपटातून जातींची नावं काढायची. याला भाषेचं सोवळं म्हणा हवं तर, पण हे सोवळं दलितांनी मागितलेलं नव्हतं. २०१८ मध्ये केंद्रानं खासगी वाहिन्यांना 'दलित' शब्द टाळायला सांगितलं, तेव्हाही त्या शब्दानं स्वतःला ओळखणारे बरेच लोक विरोधातच होते.

भावना दुखावल्या म्हणून गोंधळ घालणं, हीसुद्धा पॉलिटिकल करेक्टनेसच ना?

हो, आणि आपल्याकडची सगळ्यात दणकट आवृत्ती. फक्त तिला कुणी त्या नावानं हाक मारत नाही, कारण ते नाव पुरोगाम्यांसाठी राखून ठेवलंय.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. आयुष्यभर मराठीत लिहिलेला माणूस, पण ख्रिस्ती धर्मगुरू, म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोर यांना जाऊ नका म्हणून सांगण्यात आलं. पळसखेडचा हा कवी गेला आणि उद्घाटन करून आला.

मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची स्तुती केल्याबद्दल आमदार अबू आझमी यांना अधिवेशन संपेपर्यंत विधानसभेतून निलंबित केलं. मला औरंगजेबाबद्दल काडीचं प्रेम नाही, आझमींच्या इतिहासज्ञानाबद्दल तर नाहीच नाही. पण निवडून आलेल्या माणसानं सभागृहाबाहेर केलेलं ऐतिहासिक विधान चुकीचं ठरवायला पुस्तकं आहेत. आमच्याकडं खुलताबादला कबर आहे, तिथले हॉटेलवाले आणि फुलवाले त्या महिन्यात काय बोलत होते? काहीच नाही. स्टेटस ठेवायचं तर दूरच.

सरकार कुणाचंही असो, हात तितकाच लांब असतो. २०२२ मध्ये शरद पवारांवरची पोस्ट टाकली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात होती, तेव्हा महाविकास आघाडी होती. मार्च २०२५ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामराच्या एकनाथ शिंदेंवरच्या गाण्यावरून, तो कार्यक्रम झालेल्या मुंबईतल्या स्टुडिओची तोडफोड झाली, तेव्हा महायुती. ती पोस्ट हिणकस होती असं माझं मत आहे. ते इथं गैरलागू आहे.

मी इतिहास शिकवतो. वर्गात मोबाइल चालू असतात. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, काय बोलायचं आणि काय गाळायचं?

सर, हा प्रश्न जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आला.

रझाकारांनी केलेल्या हत्या, लूट, जाळपोळ सांगा; गावांची नावं घेऊन सांगा. आणि पोलीस कारवाईनंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थान घेतल्यानंतर, मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं तेही सांगा. केंद्र सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं १९४८ च्या अखेरीस पाहणी करून मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा ही नावं लिहिली. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं दाबून ठेवला. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीत अभ्यासकांना सहज पाहता येऊ लागला. मराठवाड्याच्या इतिहासावरची सगळ्यात मोठी कात्री ही होती, आणि ती चालवली शासनानं.

एक घटना सांगितली की दुसरी बाजू चिडते आणि दुसरी सांगितली की पहिली. दोन्ही एकाच तासात सांगणं हा मला माहीत असलेला एकमेव उपाय. तास फळ्यावर तारखा लिहून सुरू करा. वीस सेकंदांची क्लिप कापून बाहेर गेली तरी मागं फळा दिसतो.

पण पुरोगामी मंडळीसुद्धा दादागिरी करतातच की. तुम्ही त्यांना का सोडता?

सोडत नाही. केज, किनवट, जिंतूरहून पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेसाठी किंवा एमएसाठी पुण्याला जातात. पहिल्याच गटचर्चेत एखादा 'बायामाणसं' म्हणतो किंवा तृतीयपंथीयांसाठी गावाकडचा शब्द वापरतो, आणि समोरचे चार जण एकमेकांकडं बघतात. कुणी समजावत नाही. त्याच्या बोलीवर हसतात, त्याच्या शब्दावर नाक मुरडतात, आणि हे दोन्ही एकच काम आहे हे त्यांना कळत नाही. जुन्या शिष्ट मराठीनं 'ण'ला 'न' म्हणणाऱ्याला गप्प केलं, नवी शिष्ट मराठी चुकीची संज्ञा वापरणाऱ्याला गप्प करते. तो पोरगा त्या गटात परत तोंड उघडत नाही. उघडतो ते दुसरीकडं, जिथं त्याला 'बिनधास्त बोल भाऊ' म्हणणारे त्याचीच वाट बघत असतात.

मी याला जाच म्हणायला तयार आहे. यात शिक्षा नाही, बंदी नाही, तरी माणूस गप्प होतो. ज्यांना शब्द अचूक माहीत आहेत त्यातल्या किती जणांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे, हेही एकदा मोजावं म्हणतो. चळवळीतल्या जुन्या माणसांची पद्धत बरी होती. चुकीचं बोललं की तिथंच फटकारायचे, नंतर सोबत चहा प्यायचे.

ग्रुपवर कुणी काही टाकलं तर अ‍ॅडमिनला आत टाकतात का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्या सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार धरला जात नाही. त्याचा हेतू किंवा सहभाग असेल तर गोष्ट वेगळी.

बोलण्यात 'औरंगाबाद' किंवा 'उस्मानाबाद' आलं तर गुन्हा?

नाही. २०२३ पासून अधिकृत नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत, उच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये ती कायमही केली. सरकारी कागदावर तीच लिहा. बोलताना कुणी काय म्हणावं यावर कायदा नाही. एसटीत कंडक्टरला जुनं नाव सांगितलं तरी तिकीट मिळतं.

कुणी चारचौघांत टोकलं तर काय करायचं?

शब्द खरंच लागणारा असेल तर 'बरं, नाही म्हणणार' एवढं बोला आणि पुढचा मुद्दा मांडा. पटलं नसेल तर तसं सांगा, भांडा. लेखी माफीनामा मागायला झुंड घरी आली, तर तो टोकण्याचा प्रकार राहत नाही. ११२ ला फोन करा.

पोस्टवरून पोलीस ठाण्यातून फोन आला तर?

आधी कोणतं कलम ते विचारा. 'कलम ६६ अ' म्हणाले तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम मार्च २०१५ मध्येच श्रेया सिंघल प्रकरणात रद्द झालंय. पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाल्यानंतर लढली गेलेली केस ती. बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, २९९ किंवा ३५३ असतं, म्हणजे जुनी १५३ अ, २९५ अ आणि ५०५. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी लागते, ती मागा. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचा मार्ग वापरावा, आणि शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर मनाचा माणूस डोळ्यांपुढं ठेवावा, हळवा नव्हे. त्या निकालाची प्रत वकिलाकडं द्या.

पोस्ट घाईघाईनं उडवू नका, आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. ठाण्यात एकट्यानं जाऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथं मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.